थर्माकोल, सिरॅमिकच्या कांड्या आणि एक पिन: फोटॉनिक स्फटिकातला अणू हाताने समजून घेताना

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा लावला की पहिली काही मिनिटं तो गुलाबी-लालसर दिसतो. आतला निऑन आधी पेटतो. सोडियम तापून त्याची वाफ व्हायला वेळ लागतो. मग पिवळा रंग चढत जातो, स्पेक्ट्रोमीटरमध्ये ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा दिसतात आणि आपण जर्नल भरायला घेतो. मीही अनेक वर्षं तेवढंच करत होते. त्या पिवळ्या रेषेमागे १६ नॅनोसेकंद हा आणखी एक आकडा आहे, आणि तो एकट्या सोडियमच्या मालकीचा नाही, हे मला प्रोजेक्टला लागल्यावर कळलं. तेही एक चूक करून. ती चूक पुढे सांगते.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला असाल, ‘फोटॉनिक क्रिस्टल’ हा शब्द कानावर पडला असेल आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. क्वांटम मेकॅनिक्स अर्धं डोक्यावरून गेलं असलं तरी चालेल. पायऱ्या मात्र क्रमाने चढा. तिसरी पायरी वेळखाऊ आहे म्हणून बरेच जण ती टाळतात, आणि नेमके तेच लोक पुढे अडकतात.

पायरी १: १६ नॅनोसेकंद कोणाचे?

सोडियमचा अणू उत्तेजित झाला की सरासरी १६ नॅनोसेकंद तसाच राहतो आणि मग पिवळा फोटॉन सोडून खाली येतो. १६ नॅनोसेकंद म्हणजे किती, हे आधी अंगात भिनवा. पिवळ्या प्रकाशाचा एक हेलकावा साधारण २ फेम्टोसेकंदांचा असतो. म्हणजे फोटॉन सुटेपर्यंत सुमारे ८० लाख हेलकावे होऊन जातात. तेवढ्या वेळात प्रकाश जवळपास पावणेपाच मीटर जातो, म्हणजे प्रयोगशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अणूच्या मानाने हा काळ प्रचंड आहे. इतका वेळ तो कशासाठी थांबतो?

आइनस्टाइनने १९१६ मध्ये उत्स्फूर्त उत्सर्जनाचा दर समीकरणात मांडला, पण तो येतो कुठून हे सांगितलं नाही. ते १९२७ मध्ये डिरॅकने सांगितलं. या दरात दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक अणूची स्वतःची: त्याचा विद्युत द्विध्रुव किती ताकदीचा आहे. दुसरी जागेची: त्या ठिकाणी, त्या वारंवारतेला, प्रकाशाला निघून जाण्यासाठी किती मोड उपलब्ध आहेत. मोड म्हणजे क्षेत्राने डोलण्याची एकेक पद्धत. मोकळ्या जागेत या मोडांची संख्या वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

स्वारगेटला पिशवी घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो किती वेळात निघेल हे त्याच्या घाईवर जेवढं ठरतं, तेवढंच त्याच्या गावाकडे किती गाड्या सुटतात यावर ठरतं. पुस्तकातले १६ नॅनोसेकंद हे ‘मोकळ्या जागेत, सगळ्या दिशांना गाड्या असताना’चे आहेत. जागा बदलली की आकडा बदलतो. उपमा इथेच सोडून द्या, ती पुढे नेली की फसते. अणू गाडीची वाट बघत नाही, ते सगळे मोड एकदमच त्याला खेचत असतात.

पर्सेलने १९४६ मध्ये हे नेमकं ओळखलं: अणूला पोकळीत ठेवलं तर उत्सर्जनाचा दर वाढवता येईल. ड्रेक्सहागेने १९७० च्या सुमारास युरोपियमचे रेणू आरशापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवले, तर त्यांचं आयुर्मान अंतराप्रमाणे खालीवर होताना दिसलं. १९८५ मध्ये एमआयटीत क्लेप्नरच्या गटाने सीझियमचे फुगवलेले अणू (बाहेरचा इलेक्ट्रॉन फार लांबच्या कक्षेत नेलेले) दोन धातूच्या पट्ट्यांमधून सोडले. पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी झालं, पट्ट्यांना समांतर क्षेत्राचे मोड संपले, आणि अणूंचं आयुर्मान किमान २० पटींनी वाढलं. अणू तेच होते, फक्त त्यांची खोली बदलली होती. हा धातूच्या पट्ट्यांचा प्रयोग लक्षात ठेवा, तिसऱ्या पायरीला आपण त्याचीच घरगुती आवृत्ती करणार आहोत.

पायरी २: स्फटिक मोड कसे संपवतो

दोन धातूच्या पट्ट्या एकाच दिशेने अडवतात, आणि दृश्य प्रकाशात धातू प्रकाश खातोही. सगळ्या दिशांनी अडवायचं आणि खायचं मात्र नाही, यासाठी लागतो फोटॉनिक स्फटिक. जास्त आणि कमी अपवर्तनांकाचे पदार्थ आलटून पालटून, साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडलेले. देवघरातल्या कृष्णामागचं मोरपीस काढून बघा. त्यातला निळा-हिरवा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या सळ्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात आणि त्या सळ्यांमधलं अंतर रंग ठरवतं. ऑस्ट्रेलियातल्या ओपल खड्याचंही तेच. त्यात सिलिकाच्या एकसारख्या गोळ्या रचलेल्या असतात, हे १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसलं.

‘प्रकाश परावर्तित होतो’ एवढ्यावर थांबू नका. बँड गॅप का पडतो, हे एकदा कागदावर काढून बघाच. रचनेच्या अंतराशी जुळणारी तरंगलांबी आत शिरली की पुढे जाणारी आणि मागे फिरणारी लाट मिळून स्थिर लाट तयार होते. ती दोनच तऱ्हांनी बसू शकते: क्षेत्राची शिखरं जास्त अपवर्तनांकाच्या थरात, किंवा कमी अपवर्तनांकाच्या थरात. तरंगलांबी दोन्हींची सारखीच, पण पहिलीची वारंवारता कमी आणि दुसरीची जास्त. या दोन वारंवारतांच्या मध्ये पसरू शकणारी एकही लाट उरत नाही. हीच ती फट. अपवर्तनांकांतला फरक जितका मोठा, तितकी फट रुंद.

१९८७ मध्ये ही कल्पना दोघांनी एकमेकांना न सांगता मांडली. अमेरिकेत याब्लोनोविचला अर्धवाहक लेझरमधलं वाया जाणारं उत्स्फूर्त उत्सर्जन बंद करायचं होतं. केरळात जन्मलेले सजीव जॉन यांना प्रकाश एका जागी अडकवून ठेवता येतो का, हे बघायचं होतं. एकाला अणूचं तोंड बंद करायचं होतं, दुसऱ्याला प्रकाशाचे पाय बांधायचे होते, आणि दोघांनाही एकच जाळी सापडली. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत देखणा योगायोग वाटतो.

पुढे १९९१ मध्ये याब्लोनोविचच्या गटाने सगळ्या दिशांना फट असलेला पहिला स्फटिक बनवला, तो कसा? ठोकळ्याला तीन दिशांनी तिरकी भोकं पाडून, चक्क ड्रिल मशीनने. तो प्रकाशासाठी नव्हता, मायक्रोवेव्हसाठी होता. मॅक्सवेलच्या समीकरणांना आकाराचं सोयरसुतक नाही. सगळं दहा हजारपट मोठं केलं तर तरंगलांबीही दहा हजारपट मोठी घ्या, उत्तर तेच. आपल्यालाही याच सवलतीचा फायदा घ्यायचा आहे.

पायरी ३: टेबलावरचा अणू

बऱ्याच कॉलेजांत एक्स-बँडचं मायक्रोवेव्ह बेंच धूळ खात पडलेलं असतं. १० गिगाहर्ट्झ, म्हणजे ३ सेंटिमीटर तरंगलांबी. तेवढं बेंच आणि एक वेव्हगाइड ते कोॲक्स ॲडॅप्टर मिळाला की बाकी सामान बाजारात मिळतं.

मुख्य सामान म्हणजे ॲल्युमिनाच्या भरीव कांड्या, साधारण ४.५ मिलिमीटर व्यासाच्या. पुण्यात असाल तर भोसरीच्या एमआयडीसीत भट्ट्यांचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा. ते थर्मोकपलच्या पोकळ नळ्या गळ्यात मारायला बघतील, त्या नकोत. कांड्या तिथेच १० मिलिमीटर लांबीच्या कापून घ्या, हिऱ्याच्या पात्याने. घरी हॅकसॉ घेऊन बसलात तर पातं झिजेल, कांडी नाही. असे ६४ तुकडे लागतील, चार-पाच जास्तीचे घ्या. मग ३० सेंटिमीटर चौरसाचे ॲल्युमिनियमचे दोन सपाट पत्रे, १० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची शीट, आणि पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एक पॅनेलवर बसणारा एसएमए कनेक्टर. गणपतीच्या मखराला थर्माकोल आता चालत नाही, त्यामुळे शीट सहज मिळत नाही. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातला सपाट तुकडा चालतो. मायक्रोवेव्हला थर्माकोल जवळपास हवेसारखाच वाटतो, म्हणून तो कांड्या धरून ठेवतो पण मोजमापात लुडबुड करत नाही.

थर्माकोलवर ११.४ मिलिमीटर अंतराने आठ बाय आठ खुणा करा. आलेख कागद चिकटवून सुईने टोचलं की खुणा सरळ येतात. प्रत्येक खुणेवर भोक पाडून कांडी उभी बसवा. खालच्या पत्र्याच्या मधोमध भोक पाडून एसएमए कनेक्टर असा बसवा की त्याची मधली पिन सुमारे ६ मिलिमीटर वर डोकावेल. ही पिन म्हणजे तुमचा अणू. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीतल्या एकेका अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे; आपली अँटेना सहा मिलिमीटरची, पण अभ्यास तोच: कोण किती ऊर्जा बाहेर टाकू शकतं.

थर्माकोल असा ठेवा की पिन चार कांड्यांच्या बरोबर मध्ये येईल. वर दुसरा पत्रा. दोन पत्र्यांमधलं अंतर १० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी. क्लेप्नरच्या गटाने अणूचं क्षेत्र पट्ट्यांना समांतर ठेवलं म्हणून ते अडलं. आपली पिन पत्र्यांना लंब आहे, म्हणून तिचं क्षेत्र मोकळेपणाने सरकतं, पण फक्त सपाट पातळीत. प्रश्न तीन मितींतून दोन मितींत आला, आणि दोन मितींत ही चौकोनी जाळी पूर्ण फट देते. पत्र्यांच्या कडेने मायक्रोवेव्ह शोषणारा काळा फेस लावता आला तर उत्तम, नाहीतर कडेवरून परतणाऱ्या लाटा आकड्यांत घोळ घालतात.

आता खरी खोच. वरचा पत्रा कांड्यांना नीट टेकायला हवा. आमच्याकडे दोन-तीन कांड्या इतरांपेक्षा अर्धा मिलिमीटर लांब होत्या. पत्रा त्यांच्यावरच टेकला, बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यावर हवेची बारीक फट राहिली आणि आठवडाभर आम्हाला काहीच दिसलं नाही. क्षेत्र उभं असल्यामुळे ती फट कांडीच्या ओळीत लागलेल्या छोट्या कपॅसिटरसारखी वागते आणि कांडीचा सगळा प्रभाव गिळून टाकते. उपाय साधा निघाला: वरच्या पत्र्याखाली मऊ फोम आणि त्यावर ताणलेली ॲल्युमिनियम फॉइल. फोम दाबला गेला की फॉइल प्रत्येक कांडीच्या माथ्यावर बसते. वर चार जाडजूड पुस्तकं ठेवा.

मोजायचं काय? पिनला पाठवलेली शक्ती किती परत येते ते. बेंचच्या स्लॉटेड लाइनवर स्थिर लाटेचं गुणोत्तर बघा; जितकी जास्त शक्ती परत येते, तितकं ते जास्त. आधी कांड्या न बसवता, फक्त भोकं पाडलेला थर्माकोल ठेवून मोजा: पिन बऱ्यापैकी उत्सर्जन करते, गुणोत्तर कमी येतं. मग कांड्या बसवून मोजा. पिन तीच, ऑसिलेटर तोच, तरी १० गिगाहर्ट्झला गुणोत्तर एकदम चढतं. पाठवलेली जवळजवळ सगळी शक्ती आल्या पावली परत येते. पिन बिघडली नाही, तिच्या लाटेला जायला वाट उरली नाही.

त्या क्षणी मला पहिल्या पायरीतलं समीकरण पहिल्यांदा खरं वाटलं. अणूचा उत्सर्जनाचा दर आणि अँटेनाचा उत्सर्जन-रोध, दोन्हींच्या मागे एकच राशी आहे: त्या जागेची मोडांची घनता, तिला स्थानिक अवस्था-घनता म्हणतात. फरक एवढाच की अँटेनाला तुम्ही बाहेरून ढकलता, आणि अणूला ढकलायला निर्वाताचे हेलकावे पुरतात.

मग त्यातली एक कांडी काढा. मधलीच काढा, आणि थर्माकोल सरकवून पिन त्या रिकाम्या जागेच्या मधोमध आणा. आता फटीच्या आतच, १० गिगाहर्ट्झच्या आसपास एका अरुंद पट्ट्यात शोषण दिसेल. स्फटिकात एक दोष तयार झाला, त्या दोषात एक मोड अडकला, आणि पिन त्या एकाच मोडात सगळी ऊर्जा ओतायला लागली. पर्सेलने जे सांगितलं ते हेच. अणूसाठी हिशोब करायचा तर सूत्र सोपं आहे: मोड एका घन तरंगलांबीएवढ्या जागेत, पदार्थातली तरंगलांबी धरून, कोंडला असेल तर वाढ साधारण ०.०७६ गुणिले क्यू; क्यू म्हणजे मोडात ऊर्जा किती हेलकावे टिकते त्याचं माप. क्यू १००० असेल तर ७६ पट. म्हणजे अणू फटीत ठेवला की गप्प, आणि शेजारची एक कांडी काढली की बोलका.

बेंचची शक्ती मिलिवॅटमध्ये असते. तरी चालू असताना वेव्हगाइडच्या उघड्या तोंडात डोकावायची सवय लावून घेऊ नका.

पायरी ४: स्लाइडवरचा ओपल

आता खऱ्या प्रकाशाकडे. एकसारख्या व्यासाच्या सिलिकाच्या गोळ्यांचं पातळ द्रावण इथेनॉलमध्ये करायचं, स्वच्छ काचेची स्लाइड त्यात उभी ठेवायची आणि इथेनॉल उडून जाऊ द्यायचं. पातळी उतरत जाते तशा गोळ्या स्लाइडवर आपोआप रचत जातात. गोळ्या आणण्यासाठी ओळखीने विचारणा करा. पाषाणला एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था शेजारी शेजारी आहेत, आणि कलिल रसायन करणाऱ्या कुठल्याही गटाला २५० नॅनोमीटरच्या सिलिका गोळ्या नवीन नाहीत. व्यासांतला फरक पाच टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर रचना होत नाही, नुसता पांढरा थर बसतो.

तीन-चार दिवस बाटली हलवायची नाही, एवढाच काय तो पथ्याचा भाग. आमची एक बॅच जुलैअखेरीस ठेवली होती आणि संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला. स्लाइडवर आडव्या पट्ट्या उमटल्या. ढोलामुळे की पावसाळी दमटपणामुळे, यावर आमच्यात अजून एकमत नाही, पण पुढची बॅच आम्ही तळघरात ठेवली.

रंग आधी कागदावर काढा. समोरून बघताना परावर्तित तरंगलांबी म्हणजे १.६३३ गुणिले गोळीचा व्यास गुणिले सरासरी अपवर्तनांक. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५, गोळ्यांनी ७४ टक्के जागा भरलेली, बाकी हवा, सरासरी १.३५ येते. २४० नॅनोमीटरच्या गोळ्या घेतल्या तर ५२८ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. स्लाइड सुकली की तिच्यावर खरोखरच हिरवी झाक येते.

त्यावर ड्रॉपरने इथेनॉलचा एक थेंब सोडा. थेंब पसरतो तसा हिरवा रंग पिवळसर होत जातो आणि फिकाही पडतो. गोळ्यांच्या मधल्या हवेची जागा १.३६ अपवर्तनांकाच्या द्रवाने घेतली, सरासरी वाढली, तरंगलांबी ५५९ च्या आसपास सरकली. आणि गोळी व भोवताल यांच्यातला फरक कमी झाल्यामुळे परावर्तनही दुबळं झालं. अर्ध्या मिनिटात कडेपासून आत हिरवा रंग परत सरकत येतो. हे कितीही वेळा करा, कंटाळा येत नाही. फटीची जागा आणि फटीची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका थेंबात कळतं.

पायरी ५: आत दिवा ठेवणं, आणि माझी चूक

मी २५५ नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या ओपलमध्ये ऱ्होडामिन ६जी हा रंग मुरवला. त्याचं उत्सर्जन ५६० च्या आसपास, ओपलची फटही तिथेच. हिरव्या लेझरने उत्तेजित केलं, स्लाइडच्या समोरून स्पेक्ट्रम घेतला, आणि बरोबर मधोमध खड्डा! मी रात्री बारा वाजता मैत्रिणीला फोन करून सांगितलं की स्फटिकाने उत्सर्जन दाबलं. दुसऱ्या दिवशी सरांना आलेख दाखवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘‘स्लाइड तिरकी केलीस का?’’

तिरकी केली. चाळीस अंशांवर खड्डा सरकून ४९३ नॅनोमीटरच्या आसपास गेला, जिथे ऱ्होडामिनचा प्रकाश नसतोच. ५६० चा प्रकाश तिकडून मजेत बाहेर पडत होता. म्हणजे काय झालं होतं? रेणूंनी प्रकाश टाकणं कमी केलंच नव्हतं. ओपलने एका दिशेचा प्रकाश गाळून दुसरीकडे वळवला होता, इतकंच. गाळणी होती ती, गळचेपी नव्हे.

या विषयात नव्याने येणारे सगळ्यात जास्त इथेच घसरतात, म्हणून ठासून सांगते: तेज मोजू नका, आयुर्मान मोजा. तेज हजार कारणांनी बदलतं: दिशा, रंगाचं प्रमाण, लेझर नेमका कुठे पडला. उत्सर्जनाचा दर खरोखर बदलला का, हे फक्त वेळ सांगते. त्यासाठी एकेक फोटॉन मोजणारी टीसीएसपीसी पद्धत वापरतात. लेझरचा छोटा झटका गेला की घड्याळ सुरू, फोटॉन आला की बंद. लाखो वेळा केल्यावर उतरता वक्र मिळतो. मोजणीचा वेग लेझरच्या झटक्यांच्या एक ते पाच टक्के इतकाच ठेवा. घाई करून जास्त प्रकाश सोडलात तर आधी येणारे फोटॉन नंतरच्यांची जागा खातात आणि आयुर्मान खोटंच कमी दिसतं.

मी आयुर्मान मोजलं तेव्हा तुलनेसाठी २०० नॅनोमीटरच्या गोळ्यांचा ओपल घेतला. त्याची फट ४४० ला, म्हणजे ऱ्होडामिनपासून लांब, पण काच तीच, रसायन तेच. तुलना साध्या काचेशी किंवा द्रावणाशी केलीत तर रसायनाचा परिणाम स्फटिकाच्या नावावर जमा होतो. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले. बरोबरच होतं. सिलिका आणि हवा यांत १.४५ पटीचाच फरक; अशा ओपलमध्ये काही दिशा बंद होतात, बाकी उघड्या राहतात. गोळ्यांच्या जागी हवा आणि हवेच्या जागी जड पदार्थ, असा उलटा ओपल घेतला तरी सगळ्या दिशा बंद व्हायला जवळजवळ तिप्पट फरक लागतो. तो सिलिकॉनमध्ये आहे, काचेत नाही.

आणखी दोन गोष्टी जाता जाता. उत्तेजित रेणू प्रकाश न टाकताही, उष्णता देऊन खाली येऊ शकतो, आणि स्फटिक फक्त प्रकाशाचा वाटा बदलतो. म्हणून क्वांटम कार्यक्षमता कमी असलेला रंग घेतला तर स्फटिकाने कितीही जोर लावला तरी वक्र हलत नाही. आणि वक्र एका घातांकी उताराचा नसेल तर घाबरू नका. प्रत्येक रेणू वेगळ्या जागी, वेगळ्या दिशेला तोंड करून बसलाय, त्यामुळे प्रत्येकाची अवस्था-घनता वेगळी. एक आयुर्मान नाही, आयुर्मानांचा पसारा असतो.

पायरी ६: ज्यांना जमलं त्यांनी काय बघितलं

२००४ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने टायटेनियाच्या उलट्या ओपलमध्ये क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे प्रकाश टाकणारे नॅनोकण, ठेवले. जाळीचं अंतर बदललं तसं आयुर्मान कधी लांबलं, कधी आखूड झालं. २०११ मध्ये सिलिकॉनमध्ये दोन काटकोनातल्या दिशांनी भोकं पाडलेल्या स्फटिकात उत्सर्जनाचा दर फटीत दहापट कमी आणि फटीबाहेर दुप्पटीपर्यंत जास्त मिळाला. दहापटच का, शून्य का नाही? कारण स्फटिकाला शेवट असतो. फटीतही क्षेत्र एकदम संपत नाही, काही जाळ्यांपर्यंत विरत जातं आणि कडेवरून थोडं निसटतं. तुमच्या आठ बाय आठ कांड्यांचंही तसंच.

सगळ्यात गंमत फटीच्या काठावर आहे. तिथे लाटेचा वेग रेंगाळतो, मोड गर्दी करतात, आणि ‘दर’ हा शब्दच अपुरा पडतो. साधा घातांकी उतार मोडतो. जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की काठाजवळचा अणू काही अंशी खाली येतो आणि उरलेला तसाच राहतो, स्वतःच टाकलेल्या प्रकाशाचं पांघरूण घेऊन. फोटॉन सुटत नाही, पण अणूच्या आतही राहत नाही. भोवतीच्या काही जाळ्यांत लपेटून बसतो. शेजारी दुसरा अणू असेल तर तो या पांघरुणाला हात लावू शकतो. २०१६ मध्ये कॅलटेकच्या किंबल यांच्या गटाने लेझरने थंड केलेले सीझियमचे अणू सिलिकॉन नायट्राइडच्या, मगरीच्या जबड्यासारख्या दातेरी पट्टीजवळ धरून अणूंमधली ही देवाणघेवाण मोजली. अणू थंड करण्याची विद्या पुण्यातही आहे, पाषाणच्या आयसरमध्ये. ती प्रयोगशाळा बघायची संधी मिळाली तर सोडू नका; टेबलावरच्या आरशांची गर्दी बघूनच समजतं की एक अणू एका जागी बसवणं म्हणजे काय.

पायरी ७: संगणकावर

पिनचा आकडा आला की तो गणिताने काढून बघा. फट कुठे आहे यासाठी एमपीबी आणि पिनच्या जागची अवस्था-घनता काढायला मीप, दोन्ही मोफत आहेत, दोन्ही एमआयटीत लिहिले गेले. साधा लॅपटॉप पुरतो, कारण आपण दोन मितींत आहोत. लांबीचं एकक जाळीचं अंतर घ्या. कांडीची त्रिज्या ०.२, विद्युतपारकता ९, क्षेत्र कांड्यांना समांतर. पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्याच्या मध्ये फट साधारण ०.३२ ते ०.४४ (वारंवारता गुणिले जाळीचं अंतर भागिले प्रकाशाचा वेग) यांच्या दरम्यान यायला हवी, ११.४ मिलिमीटरच्या जाळीसाठी त्याचे साडेआठच्या जवळपासपासून साडेअकराच्या जवळपासपर्यंत गिगाहर्ट्झ होतात.

मीप चालवताना आधी एकही कांडी न ठेवता चालवा. रिकाम्या जागेचं उत्तर आपल्याला कागदावर येतं. ते जुळलं नाही तर कांड्या ठेवून काहीही उपयोग नाही. मग मीपच्या गणनेच्या चौकटीचं विभाजन दुप्पट बारीक करून बघा, आकडा हलला तर अजून बारीक करा. क्षेत्राची दिशा चुकवू नका. कांड्यांना लंब क्षेत्र घेतलंत तर फट सापडणारच नाही, आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या घालण्यात दिवस जातो.

कांडी काढल्यावर अडकलेल्या मोडची वारंवारता प्रयोगापेक्षा दोन-तीन टक्के इकडे तिकडे आली तर कॅलिपर काढा आणि दहा-बारा कांड्यांचा व्यास मोजा. दुकानदाराचे साडेचार मिलिमीटर कधी चार पूर्णांक तीन निघतात, आणि ॲल्युमिनाची विद्युतपारकता शुद्धतेप्रमाणे नऊपासून दहाच्या जवळपास जाते. दोन्ही आकडे दुरुस्त करून पुन्हा चालवा. तरीही जुळलं नाही, तर वरचा पत्रा उचला आणि सगळ्या कांड्यांच्या माथ्यांचे ठसे फॉइलवर उमटलेत का ते बघा.